सहज केलेला फोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम कानांचं असतं. इमारतीच्या गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत उभं राहून तो डोळे मिटायचा आणि खालच्या माणसाला लिफ्ट वर-खाली न्यायला सांगायचा. कुठे घासतंय, कुठे दोर ताणला जातोय, ब्रेक उशिरा लागतोय का, सगळं त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. यातच त्याचे केस पिकले. लोक त्याला ‘लिफ्टवाले’ म्हणत. गुंड्या म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण आक्का, आणि ती सासरी, दूरच्या गावी.

लग्न राहूनच गेलं होतं. आई होती तोवर घरात बोलणं होतं, भांडण होतं, रेडिओ होता. आई गेली आणि संध्याकाळी घरी आल्यावर कानांना काही कामच उरलं नाही. मग ते कान आत वळले. जेवून बसलं की त्याला स्वतःची छाती ऐकू यायची. धक-धक-धक, मग एक ठोका चुकल्यासारखा. झालं! घशाला कोरड, तळहाताला घाम. आता आपलं काही खरं नाही, असं वाटायचं. मग तो आक्काला फोन लावायचा.

“आक्का, छातीत कसंतरी होतंय गं.”

“आधी पाणी पी. बसलायस ना? भिंतीला टेक. मी आहे फोनवर.”

आणि आक्का बोलत राहायची. भावोजींचा गुडघा, सुनेची नोकरी, नातवाने फोडलेली काच. हळूहळू छाती ताळ्यावर यायची.

नेहमीच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा ईसीजी काढला, मोठ्या तपासण्याही करून घेतल्या. सगळं ठणठणीत. शेवटी ते चष्मा काढून म्हणाले, “तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. पण भीती खोटी नाही. आता तिच्यावर इलाज करू.”

“म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे?”

“शहाण्यांच्याच. माझ्या ओळखीच्या एक मानसोपचारवाल्या बाई आहेत, त्या बोलण्यासोबत संमोहनही वापरतात. काहींना चांगला गुण येतो, काहींना नाही. जादू समजू नका, एवढंच.”

आठवडाभर आढेवेढे घेऊन तो गेला. डोळ्यांपुढे लंबक हलवतील, काहीबाही बोलायला लावतील, अशी त्याची समजूत होती. तिथे एक मऊ खुर्ची होती, पंखा होता आणि त्याच्याच वयाच्या, सर्दी झालेल्या बाई होत्या.

“झोपवणार का मला?” त्याने विचारलं.

“नाही. तुम्हाला सगळं ऐकू येईल. नको वाटलं की डोळे उघडा.” मग त्या संथ आवाजात सांगू लागल्या. “आता अशी कल्पना करा, की तुम्ही लिफ्टमध्ये उभे आहात. लिफ्ट हळूहळू खाली चाललीय...”

त्याने एक डोळा उघडला. “बाई, लिफ्ट नको. मी लगेच आवाज ऐकायला लागतो. ही तर खालून घासतेय.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. “चुकलंच माझं. बरं, नदीकाठ चालेल?”

नदीकाठ चालला. पहिल्या खेपेला नुसते खांदे सैल पडले. पुढच्या खेपांना मात्र तो खरंच कुठेतरी खोल, निवांत जागी पोचला. तिथे बसून छातीचा ठोका ऐकायचा, पण त्याच्यामागे धावायचं नाही, हे त्या शिकवत होत्या. घरीही रोज तोच सराव. एकदा असाच तो त्यांच्यापुढे डोळे मिटून बसला असताना त्यांनी विचारलं, “भीती आली, की पुढे काय होतं?”

“पुढे मी आक्काला फोन करतो.”

“आणि भीती आली नाही तर?”

“मग कशाला करू?” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

उपचारांना गुण आला. ठोका अजून चुकायचा, पण तो त्याला येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. डॉक्टरांकडच्या चकरा थांबल्या. बाईंनी हात जोडून निरोप दिला, “आता माझी गरज नाही तुम्हाला.” तो खुशीत घरी आला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की कामाचे सोडले तर कितीतरी दिवसांत फोन वाजलेला नाही आणि त्यानेही कुणाला केलेला नाही. घर नुसतं खायला उठलं.

रविवारी दुपारी त्याने धीर करून आक्काला फोन लावला.

“काय झालं? छातीतच का? पाणी पी आधी!”

“काही नाही गं. सहज केला.”

“सहज?” आक्काचा आवाज चढला. “गुंड्या, लपवू नकोस. डॉक्टरांनी काही सांगितलंय का? अहो, इकडे या हो जरा!”

भावोजी आले. त्यांनाही तेच सांगावं लागलं. बरा आहे, खरंच बरा आहे, आईची शपथ. शेवटी आक्काने फोन परत घेतला.

“तुला सांगू?” ती म्हणाली. “फोनवर तुझं नाव दिसलं ना, की आता काय ऐकावं लागतंय म्हणून भीती वाटते. देवाचं नाव घेऊनच उचलते. किती वर्षं झाली.”

आपली भीती पाण्याच्या घोटाबरोबर उतरते आहे, असं त्याला वाटत होतं. ती उतरून कुठे जात होती, हे आज कळलं.

“पुढच्या रविवारी करू का?” त्याने विचारलं.

“कर की. पण आधी ‘बरा आहे’ म्हण, मग बाकीचं बोल.”

पुढच्या रविवारी त्याने तसंच केलं. “बरा आहे,” तो म्हणाला, आणि गाडं तिथेच अडलं. बाकीचं काय बोलायचं, हे त्याने ठरवलंच नव्हतं. आक्काने हवापाणी विचारलं, त्याने सांगितलं. तिच्या घरी पाहुणे आले होते. मागे हसण्याचा गलका चालला होता.

“ठेवते रे. पुढच्या वेळी निवांत बोलू.”

फोन बंद झाला तसा छातीत ठोका चुकला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. त्याचा अंगठा तिच्या नावावर गेला. आत्ता नुसतं “कसंतरी होतंय” म्हटलं असतं, तर पाहुणे बाजूला ठेवून ती तासभर बोलली असती.

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. खांदे सैल सोडले, श्वास सावकाश घेतला, ठोक्यांना येऊ दिलं. घाम आला आणि वाळला. ठोके पुन्हा नेहमीसारखे पडायला लागले, तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं होतं. आपण केवढं मोठं काम केलं, हे त्याला कळत होतं. ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. आक्काला सांगायची सोय नव्हती, ती पुन्हा घाबरली असती; आणि बाईंचे उपचार संपले होते.

तो उठला, तोंड धुतलं, आणि पुढच्या रविवारी आक्काला काय काय सांगायचं, याचा विचार करत बसला. बराच वेळ काहीच सुचलं नाही. मग कालच्या इमारतीतली एक आजी आठवली. लिफ्ट दुरुस्त होऊन सुरू झाली तरी ती आत शिरेना; “तुम्ही आधी एक चक्कर मारून या, मग मी येते,” असं तिने त्याला बजावलं होतं.

“तुम्ही आधी एक चक्कर मारून या,” तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणून बघू लागला, आजीच्या आवाजात.