दाढीखालची हनुवटी

म्हैसूरच्या इस्पितळात सदाशिवराव अकरा वर्षं क्लोरोफॉर्म देत होते. शस्त्र चालवणारे डॉक्टर येत-जात राहिले, रोग्याच्या डोक्याशी स्टुलावर बसणारा माणूस मात्र तोच. नाडी ते नंतर बघत, आधी हनुवटी बघत. तोंडात तीन बोटं उभी जातात का, मान मागं पडते का, हनुवटी आणि कंठमणी यांच्यामध्ये तीन बोटं मावतात का. नाही मावली तर गुंगीत जीभ मागं पडणार आणि श्वास अडणार, हे ते आदल्या दिवशीच सांगून टाकत. दोन माणसं हातातून गेली, तेव्हा हे शहाणपण आलं होतं.

१९१२ सालच्या एका बुधवारी अग्रहारातला गुंडेराव शिंपी जांघेतल्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. दाढी दाट, गळा पार झाकून टाकणारी. सोबत बायको अंबुबाई, सातवा महिना लागलेली.

"दाढी काढावी लागेल," सदाशिवराव म्हणाले.

"अय्यो, दुखणं खाली आणि दाढी वर," गुंडेराव म्हणाला. "तुमचं माप चुकलं, राव."

"मला हनुवटी बघायचीय."

अंबुबाई पुढं झाली. "बायको पोटुशी असताना आमच्यात नवरा वस्तरा लावत नाही. तुमच्यात लावतात काय?"

"नाही लावत."

चार वर्षांपूर्वी सदाशिवरावांनीही नऊ महिने दाढी राखली होती. तरी त्यांची बायको लक्ष्मीदेवी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. हे सांगितलं असतं तर गुंडेराव कदाचित वस्तऱ्याला तयार झाला असता. पण ऐकायला अंबुबाई समोर उभी होती. त्यांनी तो विषय तिथंच सोडला.

डॉक्टर गुरुराज नुकतेच मद्रासहून आले होते. त्यांनी सदाशिवरावांना बाजूला नेऊन सगळं ऐकून घेतलं आणि कानडीत म्हणाले, "सोपं आहे. गुंगी चढली की हजाम बोलावू. कळतंय कुणाला?"

"हनुवटी मला गुंगीच्या आधी कळायला हवी, डॉक्टर. गाडी खड्ड्यात गेल्यावर रस्ता बघून काय करू? आणि त्यानं नको म्हटलंय."

"दाढीला घाबरलात? तुमचे आजोबा तर घोडदळात होते म्हणे."

"तेही नदीत घोडा घालायच्या आधी काठीनं पाणी बघत."

सदाशिवराव पुन्हा खाटेपाशी आले. "गुंडेराव, दाढीवाल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप कसं घेता?"

"दाढी वर धरायची, हाड चाचपायचं, फीत लावायची."

"मग घ्या की स्वतःचं."

शिंप्याच्या पिशवीत फीत होतीच. अंबुबाईनं दाढी वर धरली. गुंडेरावानं एक टोक हनुवटीच्या हाडावर दाबलं आणि दुसरं कंठमण्यावर नेलं. "दीड इंच," तो म्हणाला आणि हसला. "पोराचं माप निघालं की हो. म्हणून दाढी शोभते मला." सदाशिवरावांनी तिथं बोटं ठेवून बघितली. दोनच मावली, तीही दाटीवाटीनं. तोंडातही दोनच गेली.

"हे झोपतात कसे?" त्यांनी अंबुबाईला विचारलं.

"उताणे झोपले की घोरता घोरता आवाजच बंद. मग मी कोपरानं ढकलून कुशीवर करते. लग्न झाल्यापासनं हेच काम."

सदाशिवरावांना हवं ते सगळं मिळालं होतं.

ते डॉक्टरांकडे गेले. "क्लोरोफॉर्म मी देतो. पण गुंगी लागताच त्याच्या जिभेत रेशमाचा दोरा ओवणार. गळा उघडायची सुरी आणि नळी तुमच्या हाताशी हवी. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. हे जमत नसेल तर बाटली दुसऱ्या कुणाला द्या."

गुरुराजांनी हत्यारांच्या कपाटाची किल्ली पुढं केली. "बरं. मांडून ठेवा."

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. सहाव्या मिनिटाला गुंडेरावाची छाती वरखाली होत होती, पण नाकापाशी धरलेल्या हाताला वारा लागेना. ओठ निळसर झाले.

"थांबा," सदाशिवराव म्हणाले. गुरुराजांनी जखमेवर ओलं फडकं टाकलं आणि सुरीकडे हात नेला.

"सुरी नको अजून. खांदे कुशीवर वळवा."

डॉक्टरांनी खांदे वळवले. सदाशिवरावांनी दोरा ओढून जीभ बाहेर घेतली आणि दोन्ही कानांखाली बोटं घालून जबडा पुढं लोटला. हे होणार हे त्यांना कालच माहीत होतं. घशातून खरखरीत, लांब श्वास आला. मग दुसरा. ओठांवर रंग परतला.

"आता चालू द्या तुमचं."

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी जबड्यावरची बोटं काढली नाहीत. शेवटचा टाका घालून झाल्यावर गुरुराज म्हणाले, "उद्या गळ्याला गाठ असलेली एक बाई आहे. आधी तुम्ही बघा. वेळ मग ठरवू."

दुपारी सदाशिवराव बाहेर आले. अंबुबाई बाकावर बसली होती, पदराचं टोक मुठीत.

"आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत. पाणी मागतायत, शिव्याही देतायत. पाणी अजून द्यायचं नाही."

तिनं मान हलवली. "मग आता जरा रडून घेते. तोवर आत काही सांगू नका."

"रडा," सदाशिवराव म्हणाले, आणि कुणी बाहेर येऊ नये म्हणून दाराला पाठ लावून उभे राहिले.