गुण्याखालचा उजेड

कानस लोखंडावरून सरळ गेली की एक लांब, मऊ आवाज येतो. पिकलेल्या भाताच्या लोंब्यांवरून वारा जाताना येतो तसा. पास्कल मला आधी या आवाजातून आठवतो, चेहरा मागाहून येतो. स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. अंधेरीच्या पूर्वेला कारखान्यांपेक्षा भातखाचरं जास्त होती आणि त्यांच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची फिटरकामाची शाळा भरत असे. दुपार कलली की उंच खिडकीतून ऊन तिरकं आत उतरायचं, हवेतली धूळ सोनेरी होऊन संथ तरंगू लागायची, आणि ओळीने उभी राहिलेली आम्ही मुलं एखाद्या तळ्याच्या तळाशी काम करत आहोत असं वाटायचं.

त्या उन्हात पास्कल उभा असे. मरोळच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातला शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून एक वर्ष पुढे. उजवा पाय पुढे, डावा मागे, मान किंचित कललेली, कानशीची मूठ डाव्या हातात. तो डावखुरा होता. जोर लावताना त्याचं सगळं शरीर असं पुढे जाई आणि परत येई, जशी भरतीची लाट घाई न करता किनारा चढते आणि उतरते. त्याच्या हातून लोखंड झिजत नसे, शांत होत असे.

मास्तरांचा एक नियम होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हाताखाली पहिल्या वर्षाचा मुलगा द्यायचा आणि त्या धाकट्याने घासलेला लोखंडाचा तुकडा जोवर सपाट उतरत नाही, तोवर थोरल्यालाही पास करायचं नाही. "आलं म्हणतोस ना? मग दुसऱ्याच्या हातात उतरवून दाखव," एवढंच ते म्हणत. पास्कलच्या वाट्याला मी आलो. गिरणी कामगाराचा मुलगा, कोकणातून नुकताच आलेला, हाताने जड आणि मनाने त्याहून जड.

तुकडा घासून झाला की त्यावर गुण्या, म्हणजे तो पोलादी काटकोन, टेकवून खिडकीकडे धरायचा. मधून उजेड दिसला तर काम फसलं. बाहेरच्या जगात उजेडासाठी माणसं हात जोडतात. आमच्या त्या शेडमध्ये उजेड हा दोष होता. माझ्या गुण्याखालून तो रोज दिसे, दोन्ही टोकांना, बारीक, निर्दय. माझी कानस वरखाली झुलायची आणि लोखंड मधोमध फुगीर राहायचं.

"कानस चालवतोस की पाळणा हलवतोस रे?" पास्कल विचारी. कधी तुकड्यावर बोट फिरवून गंभीरपणे म्हणे, "पोट आलंय हिला. कितवा महिना?" सगळी ओळ हसे. मग तोच माझ्या कोपराखाली तळहात धरून उभा राही, आणि त्या तळहाताची ऊब मला आजही नेमक्या जागी जाणवते.

गोदीतल्या एका वर्कशॉपने त्याच्यासाठी दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवली होती. म्हणजे माझा तुकडा दिवाळीपर्यंत सपाट व्हायला हवा होता. मी त्याचं सगळं गिरवत होतो, त्याचा श्वास, त्याची कललेली मान, त्याचं उभं राहणं. नव्या भाताच्या सणाला, त्यांच्या आगेराला, तो देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, थेट शेडमध्ये आला; खिशात खोचलेली भाताची लोंबी त्याने माझ्या शेगड्यावर, लोखंड आवळून धरणाऱ्या त्या जबड्यावर ठेवली आणि म्हणाला, "हे बघ, हिलासुद्धा वेळ लागतो." मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की त्याची जागा माझ्या हातावर टांगलेली आहे हे मी विसरलो. माझा अपराध कदाचित एवढाच आहे, की ते दिवस मला सुखाचे वाटत होते.

दिवाळी आली आणि गेली. जागा दुसऱ्याला मिळाली. "गेली तर गेली," पास्कल म्हणाला, आणि त्या दिवशी प्रथमच त्याने कुणाची थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी कानस मागितली आणि ती उजव्या हातात धरली. माझ्या हाताच्या आत काय बिघडतंय ते त्याला पाहायचं होतं. त्याची कानसही पाळण्यासारखी झुलू लागली. मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. तो मात्र घासत राहिला, अडखळला, थांबला. त्याचे पाय आपसूक बदलले होते. डावा पुढे आला होता, उजवा मागे. कानस सरळ गेली, आणि शेडमध्ये तो लांब, मऊ आवाज आला.

त्याने कानस मला परत दिली आणि मी नेहमीसारखा घासायला उभा राहिलो. "थांब. हलू नकोस," तो म्हणाला. त्याने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग खाली उकिडवा बसून माझ्या. "अरे येड्या, तू इतके महिने माझ्या पायांवर उभा आहेस."

खरंच होतं. हात माझा उजवा होता, त्याला डावा पाय पुढे हवा होता, पण पाय मी त्या डावखुऱ्याचे उचलले होते. त्याने खडूने जमिनीवर दोन पावलं काढली आणि मला त्यांत उभं केलं. काही दिवसांनी मास्तरांनी माझा तुकडा खिडकीकडे धरला, तेव्हा गुण्याखाली काळोख होता. त्यांनी पास्कलकडे पाहून म्हटलं, "आज तू शिकलास."

थंडीत तो मामाबरोबर जहाजाच्या इंजिनावर कामाला गेला. निघताना मी कसंबसं म्हणालो, "माझ्यामुळे तुझी जागा गेली." तो म्हणाला, "जागेचं काय रे, मिळते. आपले पाय कुठे असतात ते मला तरी कुठे ठाऊक होतं?" हे उत्तर मी जपून ठेवलं आहे. ते मला पुरलेलं नाही. तो परत आला असेल तर मला भेटला नाही. त्यांची खाचरं बुजली, शेड पाडली गेली.

आता मी मुलांना शिकवतो. नवा मुलगा कानस हातात घेतो तेव्हा मी त्याच्या हातांकडे पाहत नाही, पावलांकडे पाहतो. पण मुलं गेल्यावर, खिडकीत ऊन तिरकं झालेलं असताना, मी कधी एखादा तुकडा घासायला घेतो, आणि माझा उजवा पाय न विचारता पुढे सरकतो. मी तो मागे घेत नाही. मग गुण्या टेकवून पाहतो, तर टोकांशी तीच बारीक रेघ. काळ सगळं घासून सपाट करत नेतो; नेऊ दे. माझ्याकडे एक फट उरली आहे, आणि गेलेल्या माणसाचा उजेड यायला तेवढी पुरते.