नांगरबाबा आणि मान वळवणारं जहाज

धक्क्यावर एवढी दाटी झाली होती की एकाला शिंक आली तर ती शेजारच्या चौघांना विचारून द्यावी लागत होती. हमाल ओझी टाकून ओझ्यांवरच चढून बसले होते. न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोडून धावत आला होता, आणि गिऱ्हाईकही उरलेल्या अर्ध्या दाढीच्या काळजीने त्याच्या मागोमाग आलं होतं. सगळ्यांच्या नजरा धक्क्याच्या टोकावरच्या दगडी ओट्याकडे लागल्या होत्या.

ओट्यावर नांगरबाबा उभे होते. जहाजाचा असतो तसला, पण नारळाएवढा लोखंडी नांगर त्यांच्या गळ्यात लटकत होता. आवाज असा की बोलले तर भोंगा वाजल्याचा भास व्हावा. समोर दूर पाण्यात एक आगबोट गावाकडे पाठ करून उभी होती आणि तिच्यावर पिवळं निशाण फडकत होतं. पिवळं निशाण म्हणजे आत साथीचा रोग. बंदराचे डॉक्टर सांगेपर्यंत कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही. बोटीवरच्या एका कोळसेवाल्याला पटकी झाली होती.

"लोखंडाच्या लेकरा, तोंड फिरव माघारा!" बाबा गरजले. "रोग जाऊ दे पाताळा, दर्शन घे रे गोपाळा!"

बोटीचा आणि गोपाळाचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. कारण बोट खरोखरच हलली. हळूहळू, एखाद्या रुसलेल्या सुनेने मान वळवावी तशी ती वळत गेली, आणि शेवटी तिने आपलं टोकदार नाक थेट बाबांकडे केलं.

"नमस्कार केला! बोटीने बाबांना नमस्कार केला!" न्हावी ओरडला आणि हातातल्या वस्तऱ्यासकट हात जोडून बसला. शेजारचे चार जण झटकन लांब सरकले.

गर्दीत सगळ्यात पुढे आत्याबाई होत्या. त्या बंदराच्या डॉक्टरांच्या सख्ख्या आत्या, पण सगळं गाव त्यांना आत्याबाईच म्हणे. त्यांची एकुलती एक लेक, तान्ह्या मुलीला घेऊन, त्याच बोटीवर अडकली होती. नात अजून त्यांनी पाहिलीही नव्हती. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते.

"रडू नको, माई," बाबा म्हणाले. "उद्या संध्याकाळी पुन्हा वळवतो. दोनदा वंदन झालं की रोग संपला. मग होड्या लावायच्या आणि आपापली माणसं घरी न्यायची. तुझी होडी पहिली!"

आता बंदराच्या गावात हे असं खपलं कसं? तर या गावाची एक जुनी खोड होती. पिवळ्या निशाणाकडे बघायचं नाही. रोग नजरेवर बसून घरात येतो म्हणे. निशाण दिसलं की समुद्राकडच्या खिडक्या बंद आणि पाठी तिकडे. चांगली जहाजं तर सरळ धक्क्याला लागायची, नाकाला आणि शेपटीला दोर बांधून. त्यामुळे दूर नांगरलेलं जहाज दिवसभर काय करतं हे पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिलंच नव्हतं. आज बाबांनी "मी रोगाची नजर बांधलीय, खुशाल बघा," म्हटलं तेव्हा कुठे माना वळल्या. होडीवाल्यांना सगळं ठाऊक होतं, पण माणसं आणायचं काम बाबांनी त्यांनाच दिलं होतं. तोंडात घास असला की बोलता येत नाही.

संध्याकाळी डॉक्टर बोटीवरून परतले. दारात पाऊल टाकतात तोच आतून आवाज आला.

"थांब तिथेच! उंबरा ओलांडशील तर खबरदार. कपडे त्या बादलीत टाक. साबण लाव. कोपरापर्यंत!"

"लावतोय, आत्या."

"नखं?"

"नखंही. ताई बरी आहे. बाळही बरं आहे."

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मग उद्या घेऊन येते तिला. बाबांनी सांगितलंय."

डॉक्टरांच्या हातातला साबण निसटला. "आत्या, मी साधा तपासायला गेलो तर मला उंबऱ्याबाहेर घासतेस. आणि अख्खी बोट न धुता, न तपासता घरात घेणार? पाण्याच्या टाक्या आत्ता कुठे रिकाम्या केल्यात. कोणाच्या पोटात काय दडलंय ते कळायला आणखी थोडे दिवस लागतील."

"तुझी पटकी हात धुतल्याने जाते. बाबांची मंत्राने. बोट वळली ती मी या डोळ्यांनी पाहिली!"

"पाहिलीस ना? मग आणखी बघ," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आपली दुर्बीण आत्याबाईंसमोर ठेवली. "थोडंसं पाहून विश्वास ठेवू नये."

आत्याबाईंना डॉक्टरांची अक्कल नको होती, पण दुर्बीण हवी होती. उजाडताच त्या गच्चीवर गेल्या. आणि काय सांगावं! बोटीच्या मागच्या कठड्याशी लेक उभी, कडेवर दुपट्यातलं गाठोडं. आत्याबाईंनी गच्चीवरून हात हलवले, पदर हलवला, शेवटी वाळत घातलेली चादर हलवली. लेकीनेही हात केला.

तेवढ्यात लेक सरकू लागली. म्हणजे लेक जागेवरच होती, बोट सरकत होती. वळत वळत मागचा कठडा पलीकडे गेला, लेक धुराड्याआड गडप झाली आणि बोटीचं नाक गावाकडे आलं.

"अगं बाई! आत्ता कोणी फिरवली हिला?" आत्याबाई कडाडल्या आणि दुर्बीण ओट्याकडे वळवली. ओट्यावर बाबा होते, पण आडवे. तोंड उघडं, घोंगडी नाकापर्यंत, नांगर उशाला. एक माशी त्यांच्या मिशीवर निवांत फेऱ्या मारत होती.

आत्याबाई खाली आल्या त्या पायऱ्या मोजण्याच्या भानगडीत न पडता. "बाळा, ऊठ! ते बाबा घोरताहेत आणि बोट नमस्कार करतेय!"

डॉक्टर डोळे चोळत हसले. "ओहोटी लागली असेल. बोट फक्त नाकाला बांधलेली असते, आत्या. तुझं फडकं एका टोकाला बांधून वाहत्या पाण्यात सोड, मोकळं टोक पाणी जाईल तिकडेच जाणार. भरतीचं पाणी गावाकडे येतं, तेव्हा बोटीची शेपटी गावाकडे. ओहोटीचं पाणी समुद्राकडे जातं, तेव्हा शेपटी तिकडे आणि नाक आपल्याकडे. बाबा फक्त भरती संपायच्या बेतात असली की ओट्यावर चढतात."

आत्याबाईंनी पदर खोचला. त्यांनी पदर खोचला की घरातली मांजरंसुद्धा काळजीत पडत. मग म्हणाल्या, "धोब्याचं गाढव मिळेल का रे आज?"

त्या दिवशी दुपार उतरताना बाबांना आत्याबाईंकडे जेवायचं आमंत्रण होतं. बाबा वेळेआधीच हजर झाले.

"थांबा! उंबऱ्याच्या आत तसं कोणी येत नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि साबण, घासणी, गरम पाणी घेऊन बसल्या. आधी पाय. मग हात. मग कोपर. दाढीला फेस, फेसावर फेस. बाबांचं लक्ष पाण्याऐवजी सूर्याकडे लागलं.

"सोड, माई! वेळ टळतेय!"

"कसली वेळ, बाबा? बोट तुमच्या आज्ञेने फिरते ना? थांबेल की ती. मानेमागे फार मळ आहे हो."

"अगं वेळ टळतेय म्हणतो ना!"

इकडे धक्क्यावर गर्दी खोळंबली होती आणि होड्या सज्ज होत्या. ओट्यावर डॉक्टर चढले ते गाढवाला घेऊन.

"मंडळी, बाबा अंघोळ करताहेत. आज त्यांचं काम हे पाहील."

हशा पिकला. कोणी म्हणालं, "मंत्र म्हणेल का?" गाढव म्हणालं. चांगलं लांबलचक म्हणालं. आणि त्याचं म्हणून होतं न होतं तोच बोट वळू लागली. हळूहळू तिने आपलं नाक त्या गाढवाच्या नाकासमोर आणून ठेवलं. न्हाव्याचे जोडायला वर गेलेले हात अर्ध्यावरच थांबले.

तेवढ्यात बाबा धावत आले. दाढीत फेस, कमरेला ओला पंचा, गळ्यात नांगर, मागे घासणी घेतलेल्या आत्याबाई.

"ही माझ्याच आज्ञेने वळली!" बाबा धापा टाकत म्हणाले. "मी... मी दुरून..."

"मघाशी माझ्या अंगणात 'वेळ टळतेय' म्हणून कोण बोंबलत होतं?" आत्याबाई म्हणाल्या. "आज्ञेला वेळ नसते, बाबा. वेळ असते ओहोटीला."

अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सगळ्यात आधी हसलं. मग हमाल. मग होडीवाले, पण खाली मान घालून. बाबा कोणत्या गल्लीतून गेले ते कळलं नाही. फेसाचा माग मात्र गावाच्या वेशीपर्यंत दिसत होता.

"पण आत्याबाई, तुमची लेक आहे तिकडे," न्हावी म्हणाला. "होडी तयार आहे. तुम्ही काय करणार?"

आत्याबाईंनी बोटीकडे पाहिलं.

"पहिल्या होडीत मीच बसणार होते. माझ्या हाताने लेकीला आणून तुमच्या विहिरीवर पाणी भरायला लावलं असतं. तिच्या पोटात पटकी दडलेली असती तर त्या पाण्यातून ती घरोघरी गेली असती. अरे, बोटीने मान वळवली म्हणून पटकी मेली का? गाढवालाही मान वळवली तिने. रोगाला मंत्र कळत नाही. त्याला धुतलेले हात कळतात, उकळलेलं पाणी कळतं आणि वाट बघणं कळतं. मी वाट बघेन. तुम्हीही बघा. आणि पाठ फिरवून नाही, डोळे उघडे ठेवून बघा!"

होड्या वाळूवर ओढल्या गेल्या. दोघातिघांनी जाताजाता गाढवाला हात जोडले हे खरं. अक्कल यायला भरतीपेक्षा जास्त वेळ लागतो. पण दुसऱ्या दिवशी समुद्राकडच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि आत्याबाईंच्या गच्चीवर दुर्बिणीसाठी रांग होती.

पिवळं निशाण उतरलं तेव्हा लेक, बाळाला उराशी धरून, पळतच घरी आली. आत्याबाई दारात होत्या. डोळे भरलेले, दोन्ही हात पसरलेले.

"आई!"

"ये गं माझी बाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि पायाने बादली पुढे सरकवली. "पण आधी हात. कोपरापर्यंत."