भिंतीत मुरलेल्या लहरी

टिकटिकमावशीची तार कापली, तीही तिला न विचारता! तीस वर्षं बंदरावरच्या वायरलेस खोलीत काढलेली बाई ती. गच्चीवरची एरियलची तार तिने रीतसर परवाना काढून बांधली होती. रोज सकाळी आठला दूरच्या बेटावरून, दीपगृह सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ वायरलेसवर सांकेतिक टिकटिक करून कळवायचा, 'ताई, बरा आहे.' तिथे फोन पोचत नाही. आज आठला वीस मिनिटं उरली होती आणि मावशीच्या हातात होता नुसता तारेचा तुकडा.

ती तरातरा जिना उतरली आणि इमारतीच्या सेक्रेटरीचं दार बडवलं.

"मीच कापली काल संध्याकाळी," तो म्हणाला. वर तोंड करून! "पंधरा दिवस आईचा रेडिओ घरघरतोय तुमच्या लहरींनी. तिला डोळ्यांनी दिसत नाही, रेडिओ हाच तिचा आधार."

"मग थांबली का घरघर?"

आतून घर्रर्र ऐकू येतच होतं. सेक्रेटरीने कान खाजवला. "लहरी भिंतीत मुरल्यात. जातील हळूहळू."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुरायला ती काय ओल आहे, शहाण्या?"

ती आत घुसली, त्याच्या आईकडून, म्हणजे आजींकडून, रेडिओ मागून घेतला आणि चालू लागली. स्वयंपाकघरात घरघर कमी, दाराशी जास्त, आणि जिन्यातल्या नव्या दिव्यांखाली तर नुसता गोंगाट. जिन्याला खिडकी नाही, म्हणून दिवसरात्र जळणारे हे स्वस्तातले दिवे सेक्रेटरीनेच पंधरा दिवसांपूर्वी लावले होते. मावशीने बटण दाबलं. अंधार झाला आणि बातम्या खणखणीत ऐकू आल्या.

"दिव्यातून उजेड निघतो, लहरी नाही!" सेक्रेटरी म्हणाला.

"अरे, उजेडही लहरच! ह्या दिव्याच्या बुडातल्या सर्किटात वीज सेकंदाला हजारो झोके घेते. झोके घेतले की लहरी सुटतात. माझी तारही तेच करते, पण ठरल्या वेळी, ठरल्या मापात. हा दिवा बेशिस्त, सगळीकडे बोंबलतो. संथ लहर रेडिओला कळते, अतिशय जलद असली की डोळ्यांना दिसते. जात एकच!"

"असेल. पण दिवे समितीने मंजूर केलेत. तुम्ही अर्ज द्या."

अर्ज! आठला दहा मिनिटं होती.

तेवढ्यात भिंत चाचपत आजी दारात आल्या. "म्हणजे माझ्या रेडिओत येतो तोही एक उजेडच?"

"हो काकू."

आजी लेकाकडे वळल्या. "मग माझा दिवा तूच विझवलास, आणि तार मात्र हिची तोडलीस? लाज नाही वाटत? चल, गच्चीवर जा. ज्या हाताने कापलीस त्याच हाताने जोड."

सेक्रेटरी वर गेला आणि तारेची टोकं जोडू लागला. मावशी शेजारी उभी राहून ओरडत होती, "घट्ट पीळ! अजून घट्ट!" तरी चार मिनिटं उशीर झालाच.

ती खोलीत धावली आणि कानाला हेडफोन लावले. टिकटिक चालू होती.

'ताई, आहेस ना? ताई, आहेस ना?'

केव्हापासून विचारत होता, कोण जाणे. 'आहे रे' असं कळवताना मावशीचे डोळे भरून आले आणि सेक्रेटरीवरचा राग दुप्पट झाला.