पेडल सोडल्यावर तार परत का येत नव्हती

संचालकसाहेब, तुम्हाला माहीत होतं. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत हात जोडून, डोळे अर्धे मिटून तुम्ही बसला होतात, आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. बाकीच्या सभागृहाला मी एकवेळ माफ करीन. तुम्हाला नाही.

तुमच्या संगीतशाळेचं ते सभागृह दर आठवड्याला इतकं भरायचं की लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसायचे. मंचावर पांढऱ्या चादरीखाली माझ्या मेहुण्यांची पेडल स्टील गिटार. ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. अरुंद टेबलासारखी ती चार पायांवर उभी असते, तारा आडव्या, वाजवणारा समोर खुर्चीवर. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, खाली पायाशी पेडल, गुडघ्यांच्या दोन्ही अंगांना लिव्हर. पेडल दाबलं की तार ताणली जाते, सूर चढतो. पाय काढला की तार जागेवर येते.

यायला हवी. मेहुणे गेल्यावर वाद्य या सभागृहात आलं आणि तेव्हापासून एक तार जागेवर येईना. पाय काढला तरी ती चढीच राहायची, घासात खडा लागावा तशी कानाला लागायची. त्या एका तारेवर नादस्वामींनी दुकान थाटलं.

नादस्वामी म्हणजे गुलाबी तळव्यांचा, थुलथुलीत माणूस. बोलता बोलता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस साचायचा, तो पुसायला पट्टशिष्य रुमाल पुढे करायचा आणि मग तोच रुमाल भक्त डोळ्यांना लावायचे. हे मी स्वतः पाहिलंय. त्यानंतर मला जेवण गेलं नाही. त्याचं प्रवचन ठरलेलं असे. सूर म्हणजे श्वास, श्वास म्हणजे लहर, लहर मरत नाही, ती फक्त पत्ता बदलते. पत्ता बदलते म्हणे! जणू टपालखात्यात अर्ज देऊन गेली.

मग माझ्या भाचीला खुर्चीत बसवायचं. ती बापाच्याच हाताखाली तयार झालेली, वाजवण्यावरच तिचं पोट. ती पेडल दाबायची, सोडायची, आणि तार आंबट बोलायची. सगळं सभागृह सुस्कारा टाकायचं.

"ऐकलंत?" स्वामी हळूच म्हणायचा. "ते तार सोडत नाहीयेत. राग आहे त्यांचा."

मग ‘शुद्धी’. पट्टशिष्य वाद्यावर पुन्हा चादर टाकून तिच्यात डोकं आणि हात खुपसून ओल्या फडक्याने वाद्य पुसून काढायचा, स्वामी डोळे मिटून घशातून घरघर काढायचा. चादर बाजूला व्हायची, भाची पुन्हा पेडल दाबून सोडायची, आणि तार मुकाट जागेवर यायची. लोक रडायचे. माझी ताई तर तोंडात पदर कोंबून रडायची. आणि पुढच्या आठवड्याला तीच तार, तोच राग, तीच गर्दी.

राग कशाचा, तेही सांगतो. भाचीने एका फिरत्या वाद्यवृंदात जायचं ठरवलं होतं. मेहुण्यांना ते पटलं नव्हतं. बापलेकीचा अबोला झाला, आणि अबोला चालू असतानाच तालमीच्या खोलीत ते खुर्चीतून कोसळले. ताईने हे सगळं स्वामीच्या पायाशी बसून रडत रडत सांगितलं. तिनेच सांगितलेलं तिलाच परलोकातून आलेला निरोप म्हणून परत मिळालं. हुकूमही मिळाला: मुलीने भर सभेत कांडी खाली ठेवायची, पुन्हा वाजवणार नाही म्हणून शब्द द्यायचा, आणि गिटार कायमची सभागृहात राहील. तुमच्या सभागृहात, साहेब. ताईने लेकीला स्वतःची शपथ घातली. वाद्यवृंदाची गाडी त्या सभेनंतरच्या सोमवारी निघणार होती.

सभेच्या दोन दिवस आधी मी ताईकडे गेलो तर भाची स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ताई आत पडली होती. भाचीने नळ चालू ठेवला, आवाज आत जाऊ नये म्हणून.

"मामा, रागावलेला माणूस एकाच तारेवर रागावतो का रे?"

मी म्हटलं, म्हणजे?

तिने मला समजावून सांगितलं. पेडलवर पाय ठेवला की सुरुवातीला थोडी मोकळीक लागते, सायकलच्या ब्रेकला असते तशी. ब्रेकची वायर जास्त खेचली तर हात काढला तरी रबर चाकाला घासत राहतं. सभेत वाजवताना तिच्या तळपायाला ते कळलं होतं. पुसण्याआधी पेडलला मोकळीक नसते, पुसल्यावर असते. पेडल खालचा दांडा ओढतं, दांडा तार ओढतो, आणि दांड्याच्या टोकाला, वाद्याच्या उजव्या बगलेत, नायलॉनचा एक छोटा पांढरा नट असतो. तार किती ओढली जाणार ते तो नट ठरवतो. तो गरजेपेक्षा जास्त आवळला की पाय काढल्यावरही दांडा तारेला ताणूनच धरतो. अर्धा वळसा पुरतो.

मग आजवर नट का नाही तपासला, मी विचारलं. तिने आतल्या खोलीकडे मानेने खूण केली.

ताई नटांना कुणाला हात लावू देत नव्हती. ‘त्यांना शेवटचा हात यांचा लागलाय’ एवढंच म्हणायची. वाजवणाऱ्याच्या घरातच होऊ शकते अशी ही चूक. जे वाद्य मेहुणे रोज सकाळी चहाच्या आधी नव्याने लावायचे, तेच त्यांच्या शेवटच्या लावणीत गोठवून ठेवायचं. मेहुणे असते तर हसले असते. आणि स्वामीने ही आज्ञाच करून टाकली, कारण नटांकडे कुणी बघू नये यातच त्याचं पोट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं सभागृहात गेलो. दोन बायका फरशी पुसत होत्या, त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. भाचीने चादर उचलून पेडल खालून बोटांनी हलवून पाहिलं. जराही मोकळीक नव्हती. मी म्हटलं, कर सैल आणि मिटव एकदाचं.

"सैल केला तर आईला वाटेल बाबांनी मला माफ केलं," ती म्हणाली. "मला माफी नकोय मामा. मला खरं काय ते हवंय."

पर्समधून तिने लाल नेलपॉलिशची बाटली काढली. एकही नट न फिरवता प्रत्येक नटावरून शेजारच्या धातूच्या पट्टीवर एकेक सरळ रेघ ओढली आणि फुंकर मारून वाळवली.

सभेच्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. स्वामीने फेस पुसून घेतला, लहरीने पत्ता बदलला, भाची खुर्चीत बसली. तार आंबट बोलली. मग ती उठून हात जोडून म्हणाली की शब्द देण्याआधी आईला वाद्यापाशी नमस्कार करायचाय. स्वामी खूश झाला. गर्दीला रडवायला आयतीच एक विधवा मिळत होती.

ताई वर गेली. भाचीने तिचा हात धरून तिला उजव्या बगलेशी वाकवलं. "आई, या लाल रेघा बघ. सगळ्या सरळ आहेत ना?" ताईला काहीच समजेना, पण तिने मान डोलावली. तिला तिथेच उभी ठेवून भाची खुर्चीत जाऊन बसली.

शुद्धी झाली. फडकं फिरलं, घरघर झाली. भाचीने पेडल दाबून सोडलं, तार गुमान जागेवर आली आणि सभागृहाला नेहमीचा हुंदका फुटला.

"आई," भाची म्हणाली, "आता बघ."

ताई वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. बाकी सगळ्या रेघा होत्या तशा होत्या. एक मधोमध तुटली होती. नटावरची अर्धी रेघ दुसरीकडे तोंड करून होती.

भाचीने पट्टशिष्याच्या हातातलं फडकं ओढलं. तो सोडेना, तेव्हा तिने अजून जोरात ओढलं, आणि फडक्यातून नट फिरवायची करंगळीएवढी चावी मंचाच्या लाकडावर टणकन पडली. ती उचलून तिने सगळ्यांसमोर नट आवळला आणि पेडल दाबून सोडलं. आंबट. सैल केला. गोड. आवळला, आंबट. "बाबा आले," ती म्हणाली, "बाबा गेले." मागे कुणीतरी फिदकन हसलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. सभेनंतर चादर घालण्याच्या निमित्ताने नट पुन्हा आवळला जायचा, एवढाच आठवडाभराचा राग होता.

स्वामीने तोंड उघडलं. यंत्र हे निव्वळ माध्यम असतं, आत्मा चावीतूनही बोलू शकतो, असं काहीतरी तो म्हणू लागला. पण ताई त्याच्याकडे वळली होती. मला वाटलं, आता ती त्याच्या थोबाडीत देणार. तिने फक्त विचारलं.

"म्हणजे ते रागावलेले नव्हते?"

उत्तर लेकीनेच दिलं. "मला माहीत नाही आई. रागावलेले असतीलही. पण हा नट होता."

स्वामी बाजूच्या दाराने सटकला. फेसाचा रुमाल मंचावरच राहिला. तो कुणी उचलला नाही, तेवढं तरी बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, ताईने ती चावी लेकीच्या हातात दिली आणि म्हणाली, "लाव." सोमवारी गाडीत भाची होती आणि गिटारही.

लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. वाद्य बिघडलं तर आधी वाद्य बघा. हात लावू नका असं जो सांगेल, त्याचे हात आधी बघा. मेलेल्या माणसाशी आपलं काय राहून गेलं असेल ते आपण सोसावं, ते एका नटाच्या भरवशावर फेसाळ तोंडाच्या माणसाकडून सोडवून घेऊ नये.

आता तुमच्याकडे येतो, साहेब. भाची बापाच्या हाताखाली तयार झाली, तरी तुमच्या शाळेतही शिकलेली, तुमचीही विद्यार्थिनी. ब्रेकच्या वायरचा दाखला तिचा नाही, तुमचा आहे, पहिल्या वर्षाच्या वर्गात तुम्हीच दिलेला. त्या दिवशी चावी खाली पडली तेव्हा चकित झाला नाही असा सभागृहात एकच चेहरा होता. आणि लगेच उठून तुम्ही माइक बंद करायला लावलात, कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून.

तुमच्या परीक्षेत दरवर्षी येणारा प्रश्न मी तुम्हालाच घालतो. पेडल सोडल्यावर तार जागेवर येत नसेल, तर सर्वांत आधी काय तपासावं? माझ्या बहिणीसमोर उभे राहा आणि उत्तर द्या. आणि इतके आठवडे तुम्ही ते का तपासलं नाहीत, तेही सांगा.