चौघांनी उचलायची डेग

मी एक जुनी डेग आहे, मित्रांनो. डेग म्हणजे गावजेवणाचं तांब्याचं भलंमोठं भांडं. घरातल्या पातेल्याशी माझी बरोबरी करू नका, मला राग येतो.

आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीची मी. कुणी फुटका हंडा, कुणी चेपलेली घागर मोडीत दिली, तेव्हा कुठे तांबटानं मला घडवलं. म्हणून मी कुणा एका घराची नव्हतेच. लग्न असो की मयत, मला न्यायचं आणि काम झालं की घासूनपुसून विहारात उपडी ठेवायचं. माझ्या कड्यांत बांबू घालून चौघांनी खांदा दिला तरच मी जमिनीवरून उठायची. दोघांचं ते काम नव्हे!

माझा खरा थाट बुद्ध पौर्णिमेला. वस्तीचा आचारी भीमराज माझ्यात खीर रांधायचा. काय हात होता त्याचा! खीर काठाला आली की घाम पुसत तो ओरडायचा, "ए, रांगेत बसा रे! कुणी उपाशी जाणार न्हाई!" सगळं संपलं की लेकरं आत वाकून माझं बूड खरवडायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

मग पोरं पुण्याकडे जाऊ लागली. एक गेला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं. भीमराजचा धम्मदीपही गेला. तो फोनवर सारखा म्हणायचा, "बाबा, तिथं आता काय ठेवलंय? आईला घेऊन इकडं या." त्याच्या आईचा, रुक्माबाईचा, जीव नातीत अडकलेला, ती कधीचीच तयार होती. भीमराजचा मात्र पाय निघत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "या पौर्णिमेला पाहू. पोरं आली तर मी इथंच. न्हाई आली तर येतो तुझ्याकडं."

माझा जीव टांगणीला लागला. भीमराजनं एकेकाला फोन लावला. "जयभीम काका, बघतो," असं सगळेच म्हणाले. पौर्णिमा उजाडली आणि कुणीही आलं नाही. धम्मदीपलासुद्धा सुट्टी मिळाली नाही.

"अहो, आपण इनमिन दहा-बारा म्हातारी माणसं," रुक्माबाई म्हणाली. "घरच्या पातेल्यात करा की. एवढी डेग काहून चढवून राहिले?"

"पौर्णिमेची खीर डेगीतच व्हते," भीमराज म्हणाला.

मी खूश झाले. वेडी मी! शेजारचा जळबा, म्हातारी नर्मदाबाई आणि हे दोघं, अशा चौघांनी मला कशीबशी चुलीवर चढवलं. जळबा तिथंच कंबर धरून बसला. माझं बूड केवढं आणि ती खीर केवढीशी! नीट बूडही झाकलं नाही. खाली जाळ पेटलेला. भीमराज जीव तोडून ढवळत होता, तरी करपल्याचा वास सुटला. जन्मात त्याची खीर कधी लागली नव्हती.

नर्मदाबाईनं घास घेतला. "गोड झाली, भीमराजा," ती म्हणाली.

भीमराजनं चाखून पाहिली आणि हातातला डाव खाली ठेवला. "करपली, मावशी. भांडं मोठं झालं आपल्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो रुक्माबाईला म्हणाला, "धम्मदीपला फोन लाव. येतो म्हणावं."

रुक्माबाईनं डोळ्याला पदर लावला.

"आता काहून रडून राहिली? तुलाच जायचं व्हतं ना?"

"व्हय," ती म्हणाली, "पण तुमी न्हाई म्हणत व्हते, तवर बरं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मला राखेनं घासलं. ओढत ओढत विहारात आणलं. मला उपडी करायला दोघं भिडले, पण मी ढिम्म हलले नाही. जळबा अंथरुणाला खिळलेला, बाकीची काठी टेकत चालणारी, आता बोलवायचं कुणाला? "राहू दे," भीमराज धापा टाकत म्हणाला. काठावर क्षणभर हात ठेवून तो एसटी गाठायला निघाला. रुक्माबाई पिशव्या घेऊन मागोमाग गेली.

तेव्हापासून मी तशीच आहे, उताणी. आत धूळ साचते, पाला पडतो. बुडाचा काळा डाग काही गेला नाही. तोंड असं उघडं राहिलं की कुणीतरी येईल, आत काहीतरी ओतेल, असं उगाच वाटत राहतं, मित्रांनो. आता ते वाटणंही सोसवत नाही.

मला कल्हई करा, जपा, असं मी म्हणत नाही. पण कधी गावाकडे आलात तर चौघं मिळून या. खीर करू नका. नुसतं मला उपडी करून जा.