पिवळ्या पिशवीत गेलेली कादंबरी

मी पुस्तकं फाडून वाचते. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हळहळायचंय त्यांनी आत्ताच हळहळून घ्यावं आणि मला पुढचं बोलू द्यावं.

माझी नोकरी इस्पितळाच्या तळघरात. ऑपरेशनमध्ये वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी आमच्याकडे येतात. मी त्या उघडते, घासते आणि धुण्याच्या मोठ्या यंत्रात लावते. यंत्र सुरू झालं की ते थांबेपर्यंत हाताला काम नाही, आणि जागा सोडायची परवानगीही नाही. मोबाइल आत न्यायचा नाही. कागद चालतो, पण आत आलेला कागद परत बाहेर न्यायचा नाही. तो पिवळ्या पिशवीत टाकायचा आणि पिशवी जाळायला जाते. अशा ठिकाणी अख्खं पुस्तक कोण नेणार? म्हणून मी रद्दीवाल्याकडून जुनी पुस्तकं आणते, घरी ब्लेडने त्यांची शिवण कापते आणि खिशात मावतील तेवढी पानं रोज कामावर नेते. वाचून झालेलं पान पिशवीत.

मला असं वाचायला मनापासून आवडतं. मागची पानं चाळायची सोयच नसल्यामुळे कोण कोणाचा मामा आणि कोणाचं कोणाशी वाकडं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. पुस्तक संपतं तेव्हा ते खरोखरच संपतं. घरात धूळ खायला काही उरत नाही.

पण मला सुखाने वाचू देतील तर ती माझी माणसं कसली. सूनबाईने वाढदिवसाला वाचायचं यंत्र आणलं, त्यात म्हणे हजार पुस्तकं मावतात. ते आत नेता येत नाही हे सांगून माझी जीभ झिजली, तरी ‘आई, तुम्ही ते वापरतच नाही’ हे पालुपद चालूच. मुलगा म्हणतो, वर्षभरात काय काय वाचलंस ते लिहून ठेवत जा. कशाला? मी काय परीक्षेला बसलेय? शेजारच्या काकूंना आमच्या कचऱ्यात एकदा नुसते पुठ्ठे दिसले, तेव्हापासून त्या माझ्याकडे मी मांजरं बुडवत असल्यासारखं बघतात.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे माझा दादा. जमीन मोजणीच्या कचेरीत त्याने आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे रेघ वाकडी झालेली त्याला खपत नाही. त्याच्या घरी काचेचं कपाट आहे. पुस्तकाला हात लावण्याआधी तो साबणाने हात धुतो. कणा मोडू नये म्हणून पुस्तक पुरतं उघडतही नाही, दार किलकिलं करून आत डोकवावं तसं वाचतो. लहानपणी मी त्याच्या पुस्तकाजवळ गेले की तो वर न बघता म्हणायचा, ‘बेबी, बोटं.’ मी नातवंडाची आजी झाले तरी त्याच्या लेखी बेबीच आहे.

निवृत्त झाल्यावर दादाने कादंबरी लिहिली. आमच्या लहानपणच्या घरावर. छापून आली तेव्हा समारंभ झाला, फोटो झाले, आणि दादाने खाकी कव्हर घातलेली एक प्रत माझ्या हातात ठेवली. माझी कॉलर ताठ. तळघरात मी इतका डांगोरा पिटला की पलीकडच्या टेबलावर हत्यारांची पाकिटं बांधणारी बडबडी, जिच्या तोंडाला कधी खळ नसतो, तीसुद्धा म्हणाली, “ताई, पुरे आता.”

ती प्रत मी फाडणार नव्हते, शपथेवर सांगते. रोज संध्याकाळी खुर्चीत नीट बसून वाचायला घ्यायचे. मग टीव्ही लागायचा, नातू मांडीवर चढायचा, सूनबाई मीठ किती घालू विचारायची. एक पान मी इतक्यांदा वाचलं की मला ते पाठ झालं आणि त्याचा वीट आला. शेवटी म्हटलं, दादाने हे कपाटात ठेवायला लिहिलंय की वाचायला? आणि ब्लेड काढलं.

कादंबरी चांगली होती. भाऊ म्हणून म्हणत नाही, त्याचं कौतुक करायची मला हौस नाही. आईचं तडकणं, बाबांचा खोकला, गळक्या छपराखाली मांडलेली भांडी, लंगडं मांजर, सगळं होतं. बाबा सायकलवरून पडतात तिथे मी इतकी हसले की बडबडीने पलीकडून विचारलं, काय झालं म्हणून.

आणि मी वाट बघत होते. माझीच. पुस्तकात घर आमचं, माणसं आमची, म्हणजे आता मी येणार, पुढच्या पानावर येणार. आईच्या पदराआडून डोकावेन, नाहीतर निदान पुस्तकाला हात लावून बोलणी खाईन. दादा तापाने फणफणला ते प्रकरण आलं तेव्हा मी सावरून बसले. शाळा बुडवून त्याच्या उशाशी मी बसले होते, आईला कामावर जावं लागायचं. पुस्तकात उशाशी आई होती. त्याचा जेवणाचा डबा परीक्षेच्या जागी मी पोचवायचे, उन्हातून चालत. पुस्तकात तो डबा शेजारचा म्हातारा आणून देतो. त्या म्हाताऱ्याने आम्हाला आयुष्यात कधी पेलाभर पाणी विचारलं नाही. पान पिशवीत टाकताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तरी मी वाचत राहिले. शेवटच्या पानावर आईबाबांचा एकुलता एक मुलगा रिकाम्या घराला कुलूप लावतो आणि चालू लागतो. यंत्र थांबलं. मी ते पान टाकलं आणि पुढच्या कात्र्या उचलल्या.

हे मी कोणाला बोलले नाही. दादाला मी फोन करून विचारणार नव्हते, मी काही भीक मागत नव्हते. त्याने एकदा विचारावं, ‘बेबी, कशी वाटली?’ मग मी सांगणार होते. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मुखपृष्ठाचा निळा रंग फिका आला, अमक्याने प्रत दिवाणखान्यात समोरच ठेवलीय, तमक्याने चुकीच्या कपाटात घातली. तो बोलायचा, मी हं हं करायचे आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटायचे. सूनबाईला वाटायचं मी तिच्यावर चिडलेय.

मग एका रविवारी दादा आणि वहिनी घरीच आले. दादाने नवीन टूम काढली होती. ज्यांना ज्यांना पुस्तक दिलं, त्या प्रत्येकाचा पुस्तक हातात धरून फोटो. बसायच्या आधीच त्याने मोबाइल काढला.

“बेबी, पुस्तक आण. इथे उजेडात उभी राहा.”

“ते नाहीये,” मी म्हटलं. “वाचून झालं.”

“झालं तर झालं, आण ना.”

“दादा, वाचून झालं म्हणजे पिशवीत गेलं.”

त्याला माझी पद्धत ठाऊक होती. पण ती रद्दीतल्या पुस्तकांसाठी, असं त्याने धरलं होतं. तो सावकाश खाली बसला.

“माझं पुस्तक तू जाळलंस?”

“मी वाचलं. जाळलं इस्पितळाने.”

“जीभ फार चालते तुझी. इतकी वर्षं रक्त आटवून लिहिलं मी ते. लोकांनी काचेआड ठेवलंय. आणि माझ्या सख्ख्या बहिणीने ते घाणीत टाकलं.”

“अहो, तिची नोकरीच तशी,” वहिनी म्हणाल्या. “बेबीताई, तुम्ही पण ना, एवढं एक तरी ठेवायचं होतंत.”

दादाने पिशवीतून नवी कोरी प्रत काढली. एक जास्तीची प्रत घेतल्याशिवाय तो हल्ली घराबाहेर पडत नाही. ती टेबलावर ठेवून त्याने माझ्याकडे सरकवली. “ही फाडणार नाहीस असा शब्द दे. आणि हात धुऊन ये, फोटो काढू.”

“मी नाही धरणार,” मी म्हटलं. “फोटोबिटो राहू दे. कशी वाटली ते एकदा तरी विचार मला.”

“काय?”

“कादंबरी. इतक्या जणांना दिलीस, एकाला तरी विचारलंस?”

दादा वहिनींकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “बरं. कशी वाटली?”

इतके दिवस मनात घोकलेलं सगळं पार विस्कटलं. “चांगली आहे,” मी म्हटलं. “आईचं ओरडणं ऐकू आलं मला. मांजराचा कुठला पाय लंगडा तेसुद्धा तू विसरला नाहीस.”

दादाचा चेहरा निवळला. तो पुढे सरकून बसला. “मग?”

“मग मी कुठाय त्यात?”

“अगं, कादंबरी आहे ती. त्यात सगळं जसंच्या तसं थोडंच असतं?”

“मांजर जसंच्या तसं आहे.”

“म्हणजे?” वहिनींनी विचारलं. “बेबीताई नाहीतच त्यात?”

“आहे गं,” दादा म्हणाला. “असं कसं होईल? आहे ती. त्या तापाच्या प्रकरणात आहे बघ.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते बघून माझ्या रागाचं काय करावं हेच मला कळेना. त्याने टेबलावरची प्रत ओढून घेतली आणि तापाचं प्रकरण काढलं. ओळीवरून बोट फिरवत गेला. प्रकरण संपलं तेव्हा मागे गेला, मग भराभर पुढे, परीक्षेच्या पानांवर, मग पार पहिल्या पानावर. त्याचे कान लाल झाले होते. तो पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागला, तेव्हा मला बघवेना.

“शोधू नकोस, दादा,” मी म्हटलं. “मी एकही पान गाळलेलं नाही.”